सामाईक भिंतीचे देणे

जालन्यात अंबड चौफुली किंवा मंठा चौफुली ओलांडून बाहेर निघाले, की शहर सरता सरता रो-हाऊसच्या रांगा लागतात. एकाला एक चिकटलेली दहा-बारा घरे, समोर एक गाडी कशीबशी मावेल एवढी जागा, बाहेरच्या बाजूने वर चढलेला जिना आणि छतावर पुढच्या मजल्यासाठी उभ्या सोडलेल्या सळया. वसाहतीच्या नावात बहुधा 'पार्क' किंवा 'गार्डन' असते. नावातली बाग आणि भिंतीला भिंत लावून उभी असलेली रांग, या दोघींचे नाते जाहिरातवाल्याने जुळवलेले नाही. ते सव्वाशे वर्षांचे जुने आहे. लंडनच्या पश्चिमेला ईलिंग येथे कामगारांनी काढलेल्या एका सहकारी संस्थेने १९०१ मध्ये घरांची पहिली रांग उभी केली आणि तीच वसाहत पुढे ब्रेंटहॅम गार्डन सबर्ब म्हणून वाढली. १९०३ मध्ये लेचवर्थ हे उद्याननगर आणि १९०७ मध्ये हॅम्पस्टेड हे उद्यान-उपनगर सुरू झाले. या तिन्ही ठिकाणी साध्या माणसांची घरे सामाईक भिंतीने जोडून, रांगेत बांधली गेली आणि तरीही घराघराला बाग मिळाली. आपल्याकडे रांग आली. बाग नावापुरती राहिली. असे का झाले आणि त्यावर काही करता येईल का, हा या लेखाचा विषय. लेखाचे म्हणणे थोडक्यात असे: भिंत सामाईक केल्याने जमीन आणि पैसा वाचतो, पण घराच्या दोन बाजूंचा उजेड आणि वारा जातो. जे वाचले, त्यातून जे गेले त्याची भरपाई व्हायला हवी. ते रांगेचे रहिवाशांना देणे आहे, आणि जालन्याच्या रो-हाऊसने ते आजवर चुकते केलेले नाही.

हे म्हणणे एकट्याने मांडले तर ते बिनविरोध सिद्ध झाल्यासारखे वाटेल. म्हणून त्याची उलटतपासणी दोन कल्पित माणसांकडून करून घेऊ. एक आहेत शेठ. प्लॉटिंग आणि रो-हाऊस बांधणे हा त्यांचा धंदा आणि गिऱ्हाइकाची नाडी त्यांना पक्की ठाऊक. दुसरे आहेत सर. नगररचना हा विषय त्यांनी आयुष्यभर शिकवला. माणसे कल्पित असली तरी दोघांचे मुद्दे खरे आहेत.

शेठ: "सर, विलायतेच्या बागा चित्रात छान दिसतात. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक काय मागतं ते ऐका. त्याला फ्लॅट नको असतो. फ्लॅटमध्ये पायाखालची जमीन नावावर होत नाही आणि डोक्यावरचं छत दुसऱ्याचं असतं. खाली आपलं, वर आपलं, एवढंच त्याचं म्हणणं. त्याचा पगार ठरलेला, बँकेचं कर्ज ठरलेलं. वीस बाय चाळीसमध्ये बसवलं तर त्याला परवडतं. बाग सोडायची म्हणजे प्लॉट मोठा, आणि प्लॉट मोठा झाला की गिऱ्हाईक गेलं. बरं, समजा आम्ही समोर दहा फूट सोडले. ताबा मिळाला की तो तिथं आधी पत्रे टाकतो, मग फरशी करतो, आणि रस्ता चालता असला तर शटर लावून दुकान काढतो. मग बाग सोडायची कोणासाठी? रो-हाऊस गरजेतून आलंय सर. त्याला विलायतेतून आजोबा शोधून आणू नका."

सर: "शेठ, आजोबा शोधायचे ते जुनं वाटणीपत्र बघायला. त्यात आपल्या वाट्याचं काय होतं आणि काय राहून गेलं, ते कळतं. इंग्लंडमध्येही सुरुवातीला तुमच्यासारखीच रांग होती. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर तिथल्या गावोगावच्या पालिकांनी रस्त्याची रुंदी, घरामागची मोकळी जागा यांचे नियम केले. हेतू चांगला होता, रोगराई आटोक्यात आणायचा. पण बांधणाऱ्यांनी नियमातलं किमान तेच कमाल धरलं. सरळसोट रस्ते, अरुंद तोंडाची आणि खोल पोटाची घरं, मागं शेपटासारखा बाहेर काढलेला मोरी-स्वयंपाकघराचा भाग. त्या शेपटानं मागच्या खोलीचा उजेड अडवला. नियमात बसणारी, आणि तरी अंधारी. रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर या दोघा वास्तुरचनाकारांनी लेचवर्थ आणि हॅम्पस्टेडला काय केलं, तर रांग मोडली नाही, तिची मापं बदलली. घराचं तोंड रुंद केलं, खोली कमी केली, मागचं शेपूट कापलं. त्यामुळं बैठकीच्या खोलीला पुढून आणि मागून असा दोन्हीकडून उजेड मिळू लागला. रांग लांबलचक न ठेवता थोड्या थोड्या घरांचे गट केले, टोकाची घरं जरा पुढं घेतली, आणि रांगेच्या मधोमध, घरांच्या खालून, मागच्या बागेत जाणारा बोळ ठेवला. कोळसा, कचरा, सायकल यांपैकी काहीही बैठकीतून न्यावं लागू नये म्हणून. घरं तीच साधी, विटांची. पैसा नक्षीत घातला नाही, मांडणीत घातला."

इथवरचा वाद आवडीनिवडीचा वाटेल, पण अन्विनने तो हिशेबावर आणला होता. १९१२ च्या त्याच्या छोट्या पुस्तिकेत दहा एकर जमिनीच्या दोन आखण्या शेजारीशेजारी ठेवल्या आहेत. पहिली त्या काळच्या नियमातली, रस्त्यांमागून रस्ते काढलेली. तिच्यात ३४० घरे बसतात. दुसरीत रस्ते कमी करून मधली जमीन बागांना आणि सामाईक मैदानाला दिली आहे. तिच्यात घरे बसतात १५२. पहिल्या आखणीत एका घराच्या वाट्याला सरासरी साडेत्र्याऐंशी चौरस वार जमीन येते, म्हणजे आपला पाऊण गुंठाही नाही. दुसऱ्या आखणीत २६१ चौरस वार, म्हणजे दोन गुंठ्यांहून थोडी जास्त. जमीन तिपटीने वाढली, पण रस्त्यांचा खर्च धरूनही एका प्लॉटची किंमत सुमारे ४३ पौंडांवरून ६२ पौंडांवर गेली, दीडपटही झाली नाही. कारण पहिल्या आखणीतला पैसा जमिनीत नव्हता, रस्त्यांत होता. हे आकडे शेठ विनातक्रार मान्य करतील असे नाही, आणि त्यांचा आक्षेप दमदार आहे.

शेठ: "सर, हिशेब मलाही येतो. तुमच्या साहेबानं जमीन धरली एकरी ५०० पौंडांनी, म्हणजे दहा एकराचे ५,००० पौंड. आणि दाट वस्तीतले रस्ते धरले ९,७०० पौंडांच्या वर. जमिनीपेक्षा रस्ता जवळजवळ दुप्पट महाग! तिथं रस्ते कमी केले की पैसा सुटणारच. आमच्याकडे सगळं उलटं. रस्त्यालगतची एन.ए. जमीन सोन्याच्या भावानं घ्यावी लागते आणि रस्ता म्हणजे मुरूम टाकून रोलर फिरवला की झाला. जिथं जमीन महाग आणि रस्ता स्वस्त, तिथं तुमचं गणित लागूच होत नाही. मी दीडशे घरं बसवली आणि शेजारच्यानं साडेतीनशे, तर पुढच्या वर्षी धंद्यात तो असेल, मी नसेन."

सर: "अर्धं खरं आहे. तिप्पट प्लॉट इथं देता येणार नाही, हे मी आत्ताच कबूल करतो. पण रस्ता स्वस्त आहे हे मात्र खरं नाही शेठ. रस्ता उधार आहे. तुम्ही मुरूम टाकून निघून जाता. गटार, डांबर, जलवाहिनी, दिवे यांचा खर्च बुडत नाही, तो पुढं ढकलला जातो. आधी पावसाळ्यात घरमालक वर्गणी काढून खडी टाकतात, मग नगरसेवकाच्या मागं लागतात, आणि शेवटी सगळ्या गावाच्या करातून तो रस्ता होतो. गुंठेवारीचा इतिहास हाच आहे. राज्याला २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी पुढं न्यावी लागली. जे रस्ते आणि ज्या मोकळ्या जागा प्लॉट पाडतानाच द्यायला हव्या होत्या, त्यांची किंमत घरमालकांनी नंतर प्रशमन शुल्क आणि विकास आकार भरून चुकवली. अन्विनच्या वहीत रस्त्याचा खर्च पहिल्या पानावर होता. आपल्याकडे तो शेवटच्या पानावर असतो. बेरजेत फरक पडत नाही, भरणारा तेवढा बदलतो."

या मुद्द्यावर निकाल असा द्यावा लागतो की अन्विनचे आकडे जालन्याला लागू नाहीत, पण त्याची पद्धत लागू आहे. वसाहतीचा सगळा खर्च एकाच कागदावर मांडा आणि मग ठरवा, ही ती पद्धत. मोठा प्लॉट हा तिचा एक निष्कर्ष होता, एकमेव नव्हे. म्हणून आता जमिनीचा भाव बाजूला ठेवून, आहे त्याच वीस बाय चाळीसच्या प्लॉटवर ती चालवून पाहू.

वीस फूट रुंद आणि चाळीस फूट खोल असे एक घर घ्या. ते मोकळ्या जागेत सुटे उभे असेल तर त्याच्या चारी भिंती मिळून १२० फूट होतात. रांगेत घातले की दोन्ही बाजूंच्या चाळीस-चाळीस फुटांच्या भिंती शेजाऱ्यांकडे जातात आणि उघड्या राहतात फक्त पुढच्या-मागच्या वीस-वीस फुटांच्या. म्हणजे उन्हाला तोंड देणारी भिंत एकतृतीयांश झाली. दहा घरांच्या रांगेत बाजूच्या वीस भिंतींपैकी उन्हात राहतात त्या टोकाच्या दोनच. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून जाणाऱ्या जिल्ह्यात हा फायदा लहान नाही. रांग पूर्व-पश्चिम धावत असेल तर कलत्या उन्हाची पश्चिमेकडची मोठी भिंत एका टोकाच्या घराखेरीज कुणालाच राहत नाही. पण हाच हिशेब उलट वाचला की तोटा दिसतो. आठशे चौरस फुटांच्या घराला खिडकी काढता येईल अशी भिंत उरली फक्त चाळीस फूट, तीही दोन टोकांना. मधली खोली, जी आपल्याकडे बहुधा स्वयंपाकघर असते, भर दुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय वापरता येत नाही. घर आडवे केले, म्हणजे तोंड चाळीस आणि खोली वीस ठेवली, तर क्षेत्रफळ तेवढेच राहून खिडक्यांची भिंत ऐंशी फूट होते. अन्विनने नेमके हे केले. त्यासाठी प्रत्येक घराला दुप्पट रस्ता लागतो, म्हणून त्याने घरे हिरवळीभोवती मांडली, कित्येक घरांपुढे नुसती पायवाट नेली आणि वाहनाचा रस्ता एका बाजूला ठेवला. तेवढ्यासाठी हॅम्पस्टेडला १९०६ मध्ये संसदेकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागला, कारण पालिकेच्या नियमांत अरुंद आणि पुढे बंद होणाऱ्या रस्त्यांना जागा नव्हती. त्याच कायद्याने एकरी सरासरी आठच घरे, अशी मर्यादाही घातली.

शेठ: "म्हणजे पुन्हा तेच. एकरी आठ घरं, दारात पायवाट! आमच्या गिऱ्हाइकाला दारात गाडी लागते. चाळीस फुटांचं तोंड कुठून देऊ? मोठा प्लॉट आणि रुंद तोंड, तुमची ही दोन्ही कामं मला जमत नाहीत."

सर: "मग तिसरं सांगतो, आणि ते विलायतेचं नाही. सामाईक भिंत आपल्याला कुणी शिकवायची गरजच नव्हती. जुन्या जालन्यातली गल्ली घ्या, नाहीतर अंबड-घनसावंगीकडचं कुठलंही माळवदाचं गाव. दोन-तीन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत, आणि माळवदं अशी एकमेकांना लागून की एका घरावर चढलं की आळीच्या टोकाला उतरता येई. घरं खोल होती, तोंडं अरुंद होती. पण ढाळज ओलांडली की मध्ये चौक यायचा. चौकाभोवती ओसरी, मागं माजघर. माजघराच्या माळवदालासुद्धा वरून उजेड-धूर यांच्यासाठी सवणं ठेवलेलं असे. म्हणजे भिंतीला भिंत लावायची असेल तर उजेड आणायचे दोन रस्ते जगानं शोधले. एक, घर उथळ आणि रुंद करा. तो इंग्लंडनं घेतला. दुसरा, घर खोल ठेवा पण मध्ये आकाश सोडा. तो आपण घेतला होता. तुमच्या रो-हाऊसनं इंग्लंडकडून रांग घेतली, वाड्याकडून खोली घेतली, आणि उजेड दोघांकडूनही घेतला नाही. आठशे चौरस फुटांत सहा बाय दहाचा चौक ठेवला तर साठ फूट जातात, शंभरातले साडेसात. तेवढ्यात मधल्या दोन खोल्यांना उजेड मिळतो आणि तापलेली हवा वर निघून जाते."

शेठ: "आणि पाऊस? चोर? धूळ? गिऱ्हाईक म्हणतं, साठ फुटांचे पैसे घेता आणि वर भोक देता. ताबा मिळाल्यावर तो त्याच्यावर फायबरचा पत्रा टाकून कपाट ठेवील. पुढचं अंगण झाकतो तसा चौकही झाकील."

शेठच्या या बोलण्यात अनुभवाचे वजन आहे, आणि येथे बाजू राखून चालणार नाही. चौकावर लोखंडी जाळी घालता येते, पाऊस खाली एका पन्हाळीत घेता येतो. या तांत्रिक गोष्टी आहेत. झाकण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. तरी लोक मोकळी जागा का झाकतात याचा विचार केला पाहिजे. पुढचे अंगण झाकले जाते, कारण ते कशाच्याही उपयोगाचे नसते: रस्त्याची धूळ, आडोसा नाही, सावली नाही, आणि तिथे गाडी लावावीच लागते. जी जागा रोज वापरात असते ती सहसा कुणी झाकत नाही. धुणीभांडी, वाळवण, उन्हाळ्यातले रात्रीचे झोपणे, म्हाताऱ्या माणसाची सकाळ या गोष्टींना आडोशाची मोकळी जागा लागते, आणि ती घराच्या मागे किंवा पोटात असते, पुढे नसते. सुरुवातीच्या उद्यान-उपनगरांतही कामाची बाग मागेच होती. तिच्यात भाजीपाला लावत. आपल्या नियमांनी आणि आपल्या बांधणाऱ्यांनी मोकळी जागा पुढच्या मार्जिनमध्ये खर्ची घातली आणि मागे दोन-तीन फुटांची अंधारी पट्टी ठेवली, जिच्यात संडासाचे पाइप आणि पाण्याची टाकी याखेरीज काही राहत नाही. लोकांनी निरुपयोगी जागा झाकली, म्हणून त्यांना मोकळी जागा नको आहे, हा निष्कर्ष टिकत नाही.

शेठ: "ठीक आहे, जागा सोडली. बागेला पाणी कुठून आणायचं? २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यानं प्यायचं पाणी टँकरनं घेतलंय. इंग्लंडात वरून पाणी पडतं, हिरवळ आपोआप वाढते. इथं नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते बायकांना विचारा."

सर: "एक गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल. लंडनला वर्षाला पाऊस पडतो सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास. जालन्याचाही सहाशे-सातशेच आहे. फरक एवढाच की तिथं तो बारा महिने झिमझिम पडतो आणि इथं चार महिन्यांत येऊन जातो. त्यातही अधूनमधून दगा देतो. म्हणून हिरवळ इथं चालणारच नाही, ती मागतंय कोण? मी मागतोय कडुनिंब, शेवगा, एखादी चिंच. पहिली दोन-तीन वर्षं जगवली की पुढं ती आपली आपण जगतात. आणि पाण्याचाही हिशेब रांगेनंच करा. आठशे चौरस फुटांच्या एका छतावर साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर जवळजवळ ४८ हजार लिटर पाणी होतं. वाया जाणारं सोडलं तरी पस्तीस-चाळीस हजार धरा. दहा घरांचं साडेतीन ते चार लाख. आज काय होतं? ते पाणी रस्त्यावर जातं आणि दहा घरं शेजारीशेजारी दहा बोअर पाडून एकमेकांचं पाणी ओढतात. मागं सामाईक पट्टा असेल तर एक पुनर्भरण खड्डा आणि एक बोअर दहा घरांना बांधता येईल. घाणेवाडी तलावाचा गाळ जालनेकरांनी लोकसहभागातून काढलाच ना? सामाईक पाण्यासाठी इथली माणसं एकत्र येतात, हे सिद्ध झालेलं आहे."

सरांकडून येथे एक गोष्ट सांगायची राहून गेली, ती जोडली पाहिजे. उद्यान-उपनगराच्या शिल्पकारांना घरात ऊन हवे होते. बैठकीच्या खोलीला सूर्य मिळालाच पाहिजे म्हणून ते कधी कधी घर रस्त्याकडे पाठ करूनही बसवत. जालन्यात २० मेच्या आसपास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब संध्याकाळपर्यंत तापून रात्रभर आत उष्णता सोडतो. त्यांचा प्रश्न ऊन आत कसे येईल हा होता. आपला प्रश्न ते बाहेर कसे राहील हा आहे. तेव्हा उतरत्या छपराची, गवाक्षाची इंग्रजी नक्कल केलेली रो-हाऊसे आपल्याकडे हास्यास्पद ठरतात. घ्यायचे ते हे, की सूर्याची दिशा पाहिल्याशिवाय रांगेची रेघ कागदावर ओढायची नाही.

यानंतर शेठ आपला सगळ्यात बळकट पत्ता टाकतात.

शेठ: "सर, कुटुंब वाढतं. थोरल्याचं लग्न झालं की वर खोली, धाकट्याचं झालं की आणखी वर. त्यासाठीच तर सळया ठेवतो. रांगेत एकानं वर चढवलं की शेजारी म्हणतो, माझ्या भिंतीला तडा गेला. निम्मी भांडणं त्या भिंतीचीच. तुमचे मोठे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया. नवी मुंबईत बेलापूरला १९८० च्या दशकात सिडकोसाठी त्यांनी वसाहत केली, तर एकाही घराची भिंत दुसऱ्याशी जोडली नाही. का? तर ज्याला जसं वाढायचं तसं वाढता यावं. सामाईक भिंत इतकी चांगली असती तर कोरियांनी टाकली असती का?"

सर: "बेलापूरचं खरं आहे, आणि त्यांचं कारणही खरं आहे. पण त्याच वसाहतीत त्यांनी दुसरं काय केलं ते बघा. पंचेचाळीस ते पंचाहत्तर चौरस मीटरचे लहान प्लॉट, आणि दर सात घरांना मध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचा सामाईक चौक. तिथली कित्येक मूळ घरं पाडून मालकांनी मोठी बांधली. पण त्या चौकांची मांडणी आजही ओळखू येते. म्हणजे एकट्याच्या नावावरची मोकळी जागा गिळली जाते, आणि सात दारं ज्या जागेकडं बघतात ती टिकते. मला तुमच्या रांगेत हेच हवंय. भिंत सामाईक असेल तर तिचा पाया, खांब आणि वरचे दोन मजले यांचा हिशेब पहिल्याच दिवशी एकत्र करा, आणि कुणी किती, कुठवर चढवायचं ते खरेदीखतात लिहा. वाड्यांच्या जुन्या कागदांत सामाईक भिंतीचे हक्क लिहीत असत. आज तीस वर्षांचं कर्ज काढून घेतलेल्या घराच्या कागदात त्या भिंतीबद्दल काय लिहिलेलं असतं?"

शेठ: "आणि शेवटी या सगळ्याचं होतं काय? हॅम्पस्टेडमध्ये आज कोण राहतं? अब्जाधीश. गरिबासाठी काढलेली वसाहत श्रीमंतानं घेतली. बाग आली की भाव चढतो, भाव चढला की ज्याच्यासाठी केलं तोच बाहेर."

हा आक्षेप इतिहासाने खरा ठरवला आहे. हॅम्पस्टेडच्या संस्थापक हेन्रिएटा बार्नेट यांना तिथे सगळ्या थरांतली माणसे एकत्र राहावीत असे वाटत होते. ते साधले नाही. पण त्याचा दोष रांगेला किंवा बागेला देण्यापेक्षा मालकीच्या पद्धतीला दिला पाहिजे. ब्रेंटहॅममध्ये सुरुवातीला घरे संस्थेची होती आणि रहिवासी संस्थेचे भागधारक-भाडेकरू. जमिनीचा वाढलेला भाव एकट्यादुकट्याच्या खिशात न जाता संस्थेकडे राही आणि सामाईक मैदानाची काळजी घेणारा कोणीतरी असे. ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली आणि महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ मध्ये गृहनिर्माण संस्थांच्या वर्गवारीत भाडेकरू-सहभागीदारी संस्था हा प्रकार आजही आहे. रो-हाऊस वसाहतीत मात्र बहुधा संस्थाच नसते. असली तरी कागदावर असते. नियमानुसार मोठ्या अभिन्यासात दहा टक्के खुली जागा सोडावी लागते, म्हणजे बाग कायद्याने दिलेलीच आहे. पण ती बहुतेक वेळा वसाहतीच्या कोपऱ्यातला, प्लॉट म्हणून न विकला जाणारा तिरपा तुकडा असते, तिच्याकडे एकाही घराचे दार उघडत नाही, आणि तिचा ताबा कुणाकडे हे कुणालाच ठाऊक नसते. म्हणून तिथे आधी विटांचा ढीग पडतो आणि मग अतिक्रमण होते. तीच दहा टक्के जागा रांगांच्या मागे पट्ट्याने दिली, दोन्ही बाजूंच्या घरांची मागची दारे तिच्यात उघडली आणि ती संस्थेच्या नावावर केली, तर शेठचा एकही प्लॉट कमी न होता ईलिंगच्या कामगारांनी मिळवले त्यातले बरेचसे जालन्याच्या शिक्षकाला, स्टील कारखान्यातल्या फोरमनला, बियाणे कंपनीतल्या कारकुनाला मिळू शकते.

शेठ हरले असे म्हणता येणार नाही. मोठा प्लॉट इथे परवडत नाही, हिरवळ इथे जगत नाही आणि वाढत्या कुटुंबाला वरचा मजला लागतो, हे त्यांचे तिन्ही मुद्दे उभे राहतात. पण यांतल्या एकाही मुद्द्याने मधल्या खोलीतला अंधार, मागची निरुपयोगी पट्टी आणि कोपऱ्यात टाकलेली खुली जागा यांचे समर्थन होत नाही. या तिन्ही गोष्टी पैशाअभावी घडत नाहीत, आखणीअभावी घडतात. २०२३ मध्ये जालना महानगरपालिका झाली. वाढत्या शहराचे पुढचे अभिन्यास आता तिच्या टेबलावर येणार आहेत. रांगेतल्या खोल घराला चौक असल्याशिवाय परवानगी नाही, आणि घरांच्या दाराशी न जोडलेली जागा खुली जागा म्हणून मोजायची नाही, एवढे दोन निकष तिने कसोशीने लावले तरी पुष्कळ होईल. तोवर घर घेणाऱ्याने नमुना घराची फरशी आणि मॉड्युलर किचन पाहण्याआधी मंजूर नकाशा मागावा आणि तीन प्रश्न विचारावेत: मधल्या खोलीला उजेड कुठून येणार, दहा टक्के जागा नेमकी कुठे आणि कुणाच्या नावावर आहे, आणि सामाईक भिंतीबद्दल खरेदीखतात काय लिहिले आहे. या तिन्हींची उत्तरे कागदावर मिळत नसतील तर इसार देऊ नये.